ओहोळ अडवला, माठ पुरले, मांडव घातला

सोनिवलीहून आम्ही अकरा जणी बोलतोय. म्हणजे माइकसमोर एकच आहे, बाकीच्या मागे बसून खुणा करतायत. तेव्हा काही चुकलं तर इथल्या इथे दुरुस्ती होईल.

आमची शेतं लहान. कुणाची पाच गुंठे, कुणाची वीस, एकीची तेवढी एकराच्या वर. पूर्वी ती सलग भाताची खाचरं होती. आता बदलापूर वाढत वाढत बांधापर्यंत आलंय. एका बाजूला वालाचं शेत आणि दुसऱ्या बाजूला सात मजली इमारत, असं आमच्याकडे सहज दिसतं. दर दिवाळीला घराघरात तोच विषय निघतो. भात झोडून झालेला असतो, पेंढा रचलेला असतो आणि कुणीतरी म्हणतं, "चार महिने राबायचं, आठ महिने जमीन मोकळी. ठेवून करायचं काय?" खरं सांगायचं तर या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आठ महिने मोकळी पडलेली जमीन विकायला काढणं फार सोपं जातं. तिच्यात काकडीचे वेल लोंबत असले की बोलणारा जरा थांबतो. आमच्या गटाचं काम इथूनच सुरू झालं. कर्ज न काढता, गवंडी न बोलावता, घरच्या हातांनी काय काय करता येतं ते आम्ही करून पाहिलं. त्यातलं काही जमलं, काही पडलं. दोन्ही सांगतो.

आधी पाण्याचा हिशोब. आपल्या ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. म्हणजे तुमच्या एका गुंठ्यावर पावसाळ्यात अडीच लाख लिटर पाणी पडतं! पाच गुंठेवालीच्या वाट्याला साडेबारा लाख लिटर. आणि तीच बाई मार्चमध्ये हंडा घेऊन रांगेत उभी असते. आमच्या गटातल्या दहावी शिकलेल्या सुनेने हा हिशोब पाटीवर मांडला तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना. दोनदा गुणाकार करायला लावला. पाणी येतं, पण उताराने ओहोळात, ओहोळातून उल्हास नदीत आणि पुढे खाडीला निघून जातं. सगळं कुणालाच अडवता येणार नाही. दसऱ्यानंतर ओहोळात जी बारीक धार उरते, तेवढी धरली तरी पुष्कळ.

ती धरण्यासाठी वनराई बंधारा. हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळचे महाडकडचे आणि पुढे केंद्रात मंत्री झालेले मोहन धारिया यांनी 1986 साली पुण्यात वनराई संस्था काढली. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढा अडवायची ही रीत त्या नावाने गावोगाव पोचली. कोकणात आज ग्रामपंचायती, शाळा, महिला गट असे सगळेच श्रमदानाने हे बंधारे घालतात. यात सिमेंट नाही, लोखंड नाही. एका दिवसात उभा राहतो आणि पावसाळ्याआधी काढून घेता येतो. हा शेवटचा गुण आमच्या भागात मोठा आहे. आमचे ओहोळ उन्हाळ्यात उडी मारून ओलांडता येतात, पण जुलैत त्यांचं रूप पाहावं. 2019 च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, आठवतं ना? अशा पाण्यापुढे आपण हौसेने बांधलेली पक्की भिंत ठेवली, तर पाणी तरी ती फोडणार, नाहीतर शेजारचा बांध खाणार.

पहिल्या वर्षी आम्ही गोण्या ठासून भरल्या. वाटलं, जितकी भरलेली तितकी मजबूत. रचल्यावर त्या नारळासारख्या एकमेकींवर गोल गोल बसल्या आणि फटींतून पाणी आरपार निघून गेलं. गोणी दोन तृतीयांशच भरायची. मग ती आडवी टाकल्यावर पसरते आणि तुडवली की खालच्या गोणीच्या खळग्यात बसते. तोंड सुतळीने शिवायचं, गाठ मारून नुसतं आवळायचं नाही, कारण गाठीजवळ गोणी आखडते आणि तिथे भोक राहतं.

दुसरी चूक काठाची. बंधारा आम्ही एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत घातला, दिसायला छान. तिसऱ्या दिवशी पाणी बाजूने फिरून गेलं. डाव्या काठाची माती खाऊन त्याने आपली नवी वाट केली होती आणि बंधारा मध्ये कोरडा उभा! म्हणून दोन्ही काठांत दोन-दोन फूट खाच खणायची आणि गोण्या त्या खाचेत घुसवायच्या. तळाचा गाळ आणि पालापाचोळाही आधी काढायचा. खाली कातळ किंवा घट्ट मुरूम लागला की तिथून पहिला थर.

आता माप. जागा अरुंद बघायची, काठ उंच आणि वरच्या अंगाला उतार कमी. आमचा ओहोळ तिथे सरासरी बारा फूट रुंद. उंची तीनच फूट ठेवली. त्याहून उंच जाण्याचा मोह टाळा, कारण पाण्याची उंची वाढते तसा तळाशी दाब वाढतो आणि गोण्या सरकतात. तळाला रुंदी सहा फूट, माथ्याला दोन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरतं. विटा रचतो तसे सांधे चुकवून थर लावायचे. मध्ये एक वितीची जागा सोडून तिच्यात चिकणमाती भरत जायची, थोडं पाणी शिंपडून पायाने तुडवायची. पाणी खरं अडवते ती ही माती, गोण्या तिला नुसत्या दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. माथ्यावर मधल्या भागात एक थर कमी ठेवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी मधूनच सांडतं, काठाकडे जात नाही. जिथे सांडतं तिथे खाली मोठे दगड टाकायचे, नाहीतर पडणारं पाणी तळ उकरतं. एवढ्या बंधाऱ्याला आम्हाला 170 गोण्या लागल्या. अकरा जणी, चार नवरे, तीन पोरं आणि एक दिवस. जेवण वांग्याचं भरीत आणि भाकरी. (हे सांगा म्हणून मागून खूण आली.)

पाणी किती साठलं? वरच्या अंगाला शंभर फुटांपर्यंत फुगवटा गेला. सरासरी दहा फूट रुंद, दीड फूट खोल धरलं तर पंधराशे घनफूट. एका घनफुटात 28 लिटर, म्हणजे 42 हजार लिटर. आणि धार चालू असेपर्यंत उपसलं तेवढं पुन्हा भरतं. शिवाय आसपासच्या जमिनीत मुरतं ते वेगळंच.

ओहोळ कुणा एकीचा नाही, हे विसरू नका. वरच्या आणि खालच्या शेतवाल्यांना आधी विचारायचं, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत सांगायचं. खालच्यांना वाटतं आपलं पाणी अडवलं. त्यांना सांडव्यावरून वाहणारी धार दाखवायची. आमचे एक वयस्कर शेजारी महिनाभर रुसले होते. मग त्यांच्याच विहिरीचं पाणी नेहमीपेक्षा उशिरा उतरलं आणि पुढच्या वर्षी ते स्वतः फावडं घेऊन आले.

चिखलात उतरताना पायाला जखम असेल तर उतरूच नका. उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टो जखमेतून अंगात शिरतो. गमबूट असतील तर घाला, नंतर साबणाने पाय धुवा. ताप आला तर डॉक्टरांना "ओहोळात काम केलं होतं" हे आवर्जून सांगा.

ज्यांच्या शेताजवळ ओहोळच नाही त्यांनी जलकुंड करावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणातल्या कातळ-उतारावरच्या कलमांसाठी ही पद्धत सांगितली आहे. वरकस जमिनीत खड्डा खणायचा, आत जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि पावसाने भरू द्यायचा. आमच्यातल्या दोघींनी बारा फूट लांब, सहा फूट रुंद, चार फूट खोल असा केला. आठ हजार लिटर मावतं. कागद टाकण्याआधी खड्ड्याच्या बाजूंवरचे टोकदार दगड, मुळं काढून शेणमातीने लिंपून घ्यायचं, आणि कागदाची कड वर एक हातभर बाहेर काढून मातीत पुरायची. वीस कलमांना आठवड्याला दहा-दहा लिटर द्यायचे म्हटले तर फेब्रुवारी ते मे मिळून साडेतीन हजार लिटर लागतात. बाकीचं ऊन पितं, म्हणून वर बांबू टाकून पेंढ्याची सावली हवीच. आणि कुंपण. प्लास्टिक बुळबुळीत असतं, आत पडलेल्या पोराला किंवा करडाला वर चढता येत नाही. कुंपण होईपर्यंत आम्ही एकीलाही पाणी भरू दिलं नव्हतं. एका कोपऱ्यात गाठी मारलेला दोर कायम सोडून ठेवा.

पाणी धरलं, आता ते पुरवायचं. इथे आम्हाला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे माठ. मातीचा माठ पाणी गार करतो तो कशामुळे? त्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि वाऱ्याने उडून जातं. तोच माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरला तर झिरपलेलं पाणी मातीत जातं. माती कोरडी झाली की जास्त ओढते, ओली असली की ओढत नाही. म्हणजे किती पाणी द्यायचं ते वेलाची मुळं आणि माती मिळून ठरवतात, आपण नुसतं भरायचं. ही युक्ती फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीच्या पुस्तकात ती लिहिलेली आहे. आमच्या एका सासूबाईंचं म्हणणं, त्याला चीनला जायला नको, माझी आई तुळशीला फुटकं मडकं पुरायची.

माठ आठ-दहा लिटरचा, साधा, रंग न लावलेला. विकत घेण्याआधी बोटाने ठोकून आवाज बघायचा, तो आपल्या सगळ्यांना येतोच. घरी आणून पाणी भरून रात्रभर ठेवायचा. सकाळी अंग ओलसर लागलं तर कामाचा. घरातला जुना माठ, ज्यात पाणी गार होईनासं झालंय, तो पुरू नका. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, म्हणून तर तो गार करत नाही. आम्ही हौसेने असे सहा जुने माठ पुरले होते. आठवडा झाला तरी पाणी जसंच्या तसं. काकड्या सुकल्या तेव्हा कळलं.

खड्डा माठापेक्षा हातभर रुंद खणायचा. निघालेली माती चाळून, ढेकळं फोडून, तिच्यात शेणखत मिसळून माठाभोवती दाबून भरायची. ढेकूळ राहिलं तर तिथे पोकळी राहते आणि पाणी पुढे सरकत नाही. माठापासून वितीच्या आत चारी बाजूंना एकेक बी. दुधी, काकडी, कारली, दोडका, वेलवर्गातलं काहीही चालतं. तोंडावर फुटक्या कौलाचा तुकडा ठेवायचा, नाहीतर डासांची पैदास आपणच करतो. आमच्या जमिनीत जानेवारीत चौथ्या दिवशी आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या दिवशी भरावं लागतं. पालेभाजीला मात्र याचा उपयोग नाही. मेथी, माठ पसरून पेरतो, तिथे हा एकेका जागी ओल देणारा माठ पुरा पडत नाही. (माठाची भाजी आणि मातीचा माठ, गोंधळ करू नका!)

वेल आले म्हणजे मांडव आला. आमचा पहिला मांडव घरच्या पुरुषांनी घातला, प्रेमाने घातला, आणि सात फूट उंच घातला. काकडी दिसायची, हात पुरायचा नाही. स्टुलावर चढून भाजी तोडताना एक जण पडली, मनगट सुजलं. मग मांडव वाढलेल्या वेलांच्या भाराने ऑगस्टच्या पावसात एका बाजूला कलला आणि आमची सुटका झाली. दुसरा आम्ही घातला. उंची साडेपाच फूट. तोडणारीचा हात सहज पोचेल ती मांडवाची उंची, दुसरं माप नाही.

तो का पडला तेही सांगायला हवं. खांब सगळे सरळ उभे होते आणि ताण नव्हता. भिजलेल्या वेलाचं वजन तारेला आत ओढतं, म्हणून कडेचे खांब थोडे बाहेर झुकवून पुरायचे आणि प्रत्येकाला बाहेरून तारेचा ताण द्यायचा. ताणाचं दुसरं टोक मोठ्या दगडाला बांधून तो दगड दोन फूट खाली गाडायचा. वीस फूट बाय वीस फुटांच्या मांडवाला दहा-दहा फुटांवर नऊ खांब पुरतात. कडेने जाड तार आणि आत दीड-दीड फुटावर सुतळी. आम्ही नायलॉनची दोरी सोडून तागाची सुतळी घेतो. हंगाम संपला की वेलासकट कापून खतात टाकता येते. नायलॉन सोडवत बसायला दोन दिवस जातात आणि उरलेले तुकडे गाईच्या पोटात.

बांबू पोचलेलाच घ्या, निदान तीन वर्षांचा. कोवळ्यावर पांढरी भुकटी असते, पोचलेल्यावर डाग असतात आणि ठोकल्यावर खणखणतो. बांबूत पीठूळ गोडी असते, ती खायला भुंगा येतो आणि पिवळा भुसा गळायला लागतो. यावर जुना उपाय म्हणजे दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दाबून ठेवायचा, गोडी धुऊन जाते. वास घाण येतो, तो सोसायचा. नंतर सावलीत उभा करून वाळवायचा. खांब कुजतो तो बहुतेक जमिनीच्या रेषेवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून खालचे अडीच फूट जाळावर काळपट भाजून वर डांबर फासायचं, आणि ते डांबर जमिनीच्या वर वीतभर दिसलं पाहिजे.

खताचं थोडक्यात सांगतो, कारण गांडूळ खतावर याआधी खूप बोललं गेलंय. दोनच गोष्टी. ताजं शेण टाकू नका, ते तापतं आणि गांडुळं मरतात, पंधरा-वीस दिवस शिळं होऊन थंड झालेलं टाका. आणि ढीग हाताने उकरण्याआधी काठीने हलवा. थंडगार ओल्या जागी बेडूक येतात, बेडकांमागे साप. गोण्यांच्या ढिगालाही हेच. साप चावलाच तर मांत्रिक नको, पाय कापणं-चोखणं नको, हलवाहलव कमी करून थेट सरकारी दवाखाना, औषध तिथेच असतं.

आणखी एक गोष्ट बोलायची होती, ती विहीर-मांडवाची नाही. आमच्यातल्या एकीने तीन वर्षं एका तुकड्यावर माठ पुरले, मांडव घातला, बांधावर जांभळाची रोपं लावली. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे, म्हटलं चार झाडं आपलीही असोत. एके दिवशी मोजणीवाले आले तेव्हा तिला कळलं की तुकड्याचं बोलणं झालेलं आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, म्हणून तिला विचारलंच नव्हतं. पुढे घरात बसून बोलणं झालं, तुकडा सध्या राहिलाय. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी आपापला सातबारा काढून वाचला. अकरांपैकी दोघींचीच नावं होती. 1992 साली शासनाने लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं, त्यानुसार नवऱ्याने संमतीने अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकतं. त्याआधी शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने गावोगाव याच नावाने मोहीम चालवली होती. तलाठ्याकडे जाऊन विचारा. खांब पुरण्याआधी खालची जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघून घेतलेलं बरं. आमच्या दोघींचे अर्ज आत्ता गेलेत.

आता कामाचं वेळापत्रक. गोण्या आत्तापासून जमवा. बांधकामं एवढी चाललीत की मागितल्या तर रिकाम्या सिमेंटच्या गोण्या मिळतात, फक्त धुऊन घ्या. बंधारा पाऊस थांबून धार शांत झाली की ऑक्टोबरात, उशीर झाला तर अडवायला धारच उरत नाही. माठ आणि मांडव दिवाळीनंतर. जलकुंड एप्रिल-मेमध्ये खणून ठेवायचं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बंधारा सोडायचा. आधी मधल्या चार गोण्या काढून पाणी हळू उतरू द्यायचं, मग वरून खाली थर काढत यायचं. माती काठाला टाकायची, गोण्या झटकून वाळवून घरी. उन्हाने त्या ठिसूळ होतात, तुकडे पडतात, आणि ओहोळात सोडल्या तर पहिल्या पुराबरोबर उल्हास नदीत जाणार. त्याच नदीचं पाणी बदलापूरच्या बॅरेजवरून आपल्या नळाला येतं. म्हणून आम्ही मोजून घालतो आणि मोजून काढतो. गेल्या वर्षी 170 घातल्या, 163 निघाल्या. उरलेल्या सात पावसाळ्यानंतर खालच्या चिंचेच्या मुळांत अडकलेल्या सापडल्या. त्यांतल्या दोन अजून धड आहेत, त्या यंदा पुन्हा भरणार.